काचेच्या सांगाड्यांचा चित्रकार

१८५८ साली बर्लिनमध्ये एका तरुण डॉक्टरनं प्रॅक्टिस सुरू केली. पदवी नवी, परवाना नवा, घरचं नाव चांगलं. पण रुग्ण तपासायची वेळ त्यानं ठेवली पहाटे पाच ते सहा. वर्षभरात तीनच रुग्ण त्याच्या दाराशी आले, असं सांगतात. एवढ्यानं डॉक्टर खट्टू झाला असेल असं वाटेल, पण त्यानं वेळ ठेवली होती ती रुग्ण येऊ नयेत म्हणूनच. दिवसाचे उरलेले तास त्याला सूक्ष्मदर्शकासाठी हवे होते. सरकारी रुग्णालयात सकाळी आठला केसपेपरची रांग जिन्यापर्यंत गेलेली पाहणाऱ्या माझ्यासारख्याला या माणसाचा थोडा हेवा वाटतो, आणि थोडा रागही येतो.

या डॉक्टरचं नाव एर्न्स्ट हेकेल. ‘इकॉलॉजी’ हा शब्द आज शाळकरी पोरंही वापरतात, तो यानं घडवला. प्राण्यांच्या वर्गीकरणातला ‘फायलम’ही याचाच. पण त्याची सगळी कारकीर्द ज्या गोष्टीवर उभी राहिली ती होती समुद्रात तरंगणाऱ्या, टाचणीच्या टोकाहून लहान जिवांचे काचेचे सांगाडे.

हेकेलचा जन्म १६ फेब्रुवारी १८३४चा, जर्मनीतल्या पॉट्सडॅमचा. वडील सरकारी कायदे अधिकारी. बालपण मेर्सेबुर्ग गावात गेलं. पोराला वेड वनस्पतींचं. पानं-फुलं गोळा करून दाबून ठेवायची, त्यांची चित्रं काढायची. वडिलांचा हिशेब मात्र आपल्याकडच्या वडिलांसारखाच होता : आधी पोटापाण्याचं शिक्षण घे, मग फुलं गोळा कर. म्हणून मेडिकल. बर्लिन आणि व्युर्झबुर्ग इथं तो वैद्यक शिकला. व्युर्झबुर्गला त्याचे शिक्षक कोण होते पाहा : ऊतकशास्त्राचे क्योलिकर आणि पेशीविकृतिशास्त्राचा पाया घालणारे रुडॉल्फ विर्चो. विर्चोंच्या हाताखाली त्यानं काही काळ साहाय्यक म्हणून कामही केलं. आमच्या पिढीनं पॅथॉलॉजीच्या परीक्षेत ज्यांच्या नावानं गुण मिळवले, त्या माणसाशी पुढं हेकेलचं जाहीर भांडण व्हायचं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहायला हेकेलला मनापासून आवडायचं. पण वॉर्डात गेलं की जखमा, पू, कण्हणं याची त्याला किळस यायची. असे विद्यार्थी आजही दर बॅचला एक-दोन असतातच. त्यांतले शहाणे पुढं फार्माकॉलॉजी किंवा मायक्रोबायॉलॉजी घेतात.

त्याला वाट सापडली ती बर्लिनचे योहानेस म्यूलर यांच्यामुळं. म्यूलर हे त्या काळातलं शरीरक्रियाशास्त्रातलं सर्वांत मोठं नाव. उतारवयात त्यांना समुद्राचा नाद लागला होता. बारीक कापडाचं जाळं नावेमागं ओढायचं, त्यात अडकलेला बुळबुळीत गाळ काचेवर घ्यायचा आणि भिंगाखाली पाहायचं, ही त्यांची पद्धत. १८५४च्या उन्हाळ्यात ते विद्यार्थ्यांना घेऊन उत्तर समुद्रातल्या हेल्गोलँड बेटावर गेले, त्यात वीस वर्षांचा हेकेल होता. १८५७ साली त्यानं एम.डी. मिळवली, तीही गोड्या पाण्यातल्या क्रेफिशच्या ऊतकांवर प्रबंध लिहून. पुढं म्यूलर यांच्याच हाताखाली काम करायचं त्यानं ठरवलं होतं, पण १८५८च्या एप्रिलमध्ये म्यूलर अचानक वारले. शेवटच्या काळात ते ज्या जिवांवर काम करत होते त्यांचं नाव होतं रेडिओलॅरिया. ते काम अपुरं राहिलं.

वडिलांकडून एका वर्षाच्या प्रवासाचे पैसे मिळवून हेकेल १८५९ साली इटलीला गेला. काम करायचं सोडून तिथं त्यानं भलतंच केलं. नेपल्सजवळ त्याची हेर्मान आल्मर्स या कवीशी गाठ पडली आणि दोघं कॅप्रीच्या डोंगरांवर जलरंगांच्या पेट्या घेऊन भटकू लागले. विज्ञान सोडून चित्रकार व्हावं असा विचार पक्का होत आला होता. वडिलांचं खरमरीत पत्र आलं आणि तो शुद्धीवर आला. फ्लॉरेन्समध्ये त्यानं आमिची या नामांकित कारागिराकडून एक उत्तम सूक्ष्मदर्शक घेतला होता, तो उचलून त्यानं सिसिलीतलं मेसिना बंदर गाठलं. १८५९-६०चा हिवाळा तिथं काढला.

मेसिनाच्या सामुद्रधुनीत प्रवाह असे आहेत की खोल पाण्यातले जीव वर येतात. हेकेल रोज सकाळी नाव घेऊन जायचा, जाळं ओढायचा, बरणी भरून आणायचा आणि उरलेला दिवस भिंगावर डोळा लावून बसायचा. एक डोळा सूक्ष्मदर्शकात, दुसरा कागदावर, अशी त्याची चित्रं काढायची सवय होती म्हणतात. परतताना त्याच्याकडं रेडिओलॅरियाच्या १४४ नव्या जाती होत्या.

रेडिओलॅरिया म्हणजे एकाच पेशीचा जीव. मिलिमीटरच्या एक दशांशाएवढा, कधी त्याहून थोडा मोठा. पेशीच्या मधोमध एक पिशवी, त्यात केंद्रक. बाहेर फेसासारखा जीवद्रव्याचा थर आणि त्यातून सूर्यकिरणांसारखे निघालेले बारीक धागे. या एका थेंबाएवढ्या जिवाच्या आत काचेचा सांगाडा असतो. कुणाचा जाळीदार चेंडू, चेंडूत आणखी एक चेंडू, त्याच्याही आत तिसरा. कुणाचं टोकदार शिरस्त्राण. कुणाची घंटा, कुणाचा आकाशकंदील. हस्तिदंताच्या एका गोळ्यात दुसरा गोळा कोरणारे चिनी कारागीर प्रसिद्ध आहेत. इथं कारागीर नाही, हत्यार नाही, मेंदू तर नाहीच नाही.

आता ही काच येते कुठून? काच म्हणजे सिलिका, गारगोटीत आणि वाळूत असते तीच. कारखान्यात शुद्ध सिलिका वितळवायची तर सुमारे १७०० अंश सेल्सियस तापमान लागतं. समुद्रातले जीव हे काम थंड पाण्यात करतात. कच्चा माल पाण्यातच विरघळलेला असतो. खडक झिजतात, पावसाच्या पाण्याबरोबर त्यांतली सिलिका सिलिसिक आम्लाच्या रूपात नद्यांत येते आणि नद्यांतून समुद्रात. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण या बाबतीत उदार आहे. बेसॉल्ट लवकर झिजतो, आणि गोदावरी-कृष्णा त्याची सिलिका बंगालच्या उपसागरात नेऊन ओततात. समुद्रात तिचं प्रमाण फार थोडं असतं. वरच्या थरात तर डायटम नावाची सूक्ष्म शैवालं ती जवळपास संपवूनच टाकतात, कारण त्यांचीही कवचं याच काचेची.

ही कवचं आम्हा डॉक्टरांच्या ओळखीची आहेत. विहिरीत किंवा नदीत मृतदेह सापडला की माणूस बुडून मेला की मेल्यावर पाण्यात टाकला, हा प्रश्न येतो. अशा वेळी हाडातला मगज आम्लात शिजवून त्यात डायटम शोधतात. मांस, चरबी, सगळं आम्लात विरघळतं, काच तेवढी शिल्लक राहते. बुडताना हृदय चालू असेल तर फुफ्फुसात शिरलेलं पाणी आणि त्यातले डायटम रक्तावाटे मगजापर्यंत पोचतात. नुसत्या या तपासणीवर निकाल देऊ नये, पण कित्येक प्रकरणांत तिचा आधार झाला आहे.

काच घडते कशी, हे सर्वांत स्पष्ट कळलंय ते समुद्री स्पंजांमध्ये. स्पंज हा हेकेलचा दुसरा आवडता प्राणी, म्हणून इथं थोडं थांबतो. स्पंजाला ना तोंड, ना पोट, ना मज्जातंतू. अंगभर भोकं, त्यातून पाणी आत घ्यायचं, गाळून खायचं आणि वरच्या मोठ्या भोकातून बाहेर टाकायचं. हे मऊ अंग सावरायला आत कंटिका असतात, म्हणजे बारीक सुया. बहुसंख्य स्पंजांच्या कंटिका सिलिकेच्या. काही विशिष्ट पेशी पाण्यातलं सिलिसिक आम्ल शोषून साठवतात. पेशीच्या आत प्रथम प्रथिनाचा एक बारीक धागा तयार होतो. त्या धाग्याभोवती सिलिकेचा थर बसतो, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. मेणबत्ती करताना वात पुन्हा पुन्हा मेणात बुडवतात तसं. गोड्या पाण्यातल्या स्पंजात मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढी कंटिका दोन दिवसांच्या आत तयार होते. मग दुसऱ्या पेशी ती उचलतात, वाहून नेतात, तिचं टोक त्वचेत खुपसून तिला उभी करतात आणि खालचं टोक पक्कं करतात. २०१५ साली जपानी संशोधकांनी हे चित्रित केलं. मांडवाचे खांब उभे करणाऱ्या पोरांची आठवण व्हावी असं ते दृश्य आहे.

त्या धाग्यातलं प्रथिन १९९८ साली कॅलिफोर्नियात सांता बार्बरा इथल्या शास्त्रज्ञांनी ओळखलं. त्याला नाव दिलं सिलिकॅटीन. आणि इथं आमच्यासारख्यांचे कान टवकारतात, कारण सिलिकॅटीन हे कॅथेप्सिन-एल या विकराचं सख्खं भावंड निघालं. कॅथेप्सिन-एल तुमच्या-माझ्या प्रत्येक पेशीत आहे. पेशीतली जुनी, निकामी प्रथिनं तोडून टाकायचं काम ते करतं. कोरोना विषाणूला काही पेशींत शिरायला मदत करणारं म्हणून मध्यंतरी त्याचं नाव चर्चेत होतं. या कचरा तोडणाऱ्या विकरातला मोक्याच्या जागेवरचा एक अमिनो आम्लाचा घटक बदलला, आणखी थोडे फेरफार झाले आणि ते काच जोडणारं विकर झालं. निसर्ग नवीन यंत्र क्वचितच बनवतो. जुन्याच यंत्राची कळ फिरवतो.

खोल समुद्रातल्या काचस्पंजांमध्ये ही कला शिखराला पोचते. फिलिपाइन्सजवळ सापडणारा ‘व्हीनसची फुलांची परडी’ नावाचा स्पंज म्हणजे काचेच्या धाग्यांची विणलेली उभी नळी. आत कोळंबीसारख्या प्राण्याची जोडी लहानपणी शिरते, मोठी होते आणि जाळीतून बाहेर पडू शकत नाही. जन्मभर तिथंच संसार. म्हणून जपानमध्ये हा वाळलेला स्पंज लग्नात भेट देत. या स्पंजाच्या तळाशी केसासारखे काचतंतू असतात. ते प्रकाश वाहून नेतात आणि वाकवले तरी आपल्या दूरध्वनीच्या काचतंतूंइतके सहज तुटत नाहीत, कारण प्रत्येक थराच्या मध्ये प्रथिनाचा पातळ पापुद्रा असतो. भेग एका थरात पडली की पापुद्र्यापाशी अडते.

परत हेकेलकडं. मेसिनाहून आणलेल्या मालावर त्यानं १८६२ साली रेडिओलॅरियावर मोठा ग्रंथ काढला, सोबत ३५ चित्रपत्रं. चित्रं पाहून लोक थक्क झाले. येना विद्यापीठात त्याला प्राध्यापकपद मिळालं. त्याच वर्षी मामेबहीण आना झेथे हिच्याशी त्याचं लग्न झालं. याच ग्रंथात त्यानं डार्विनच्या, तेव्हा तीनच वर्षांच्या जुन्या सिद्धान्ताला उघड पाठिंबा दिला. जर्मनीत तेव्हा हे धाडसच होतं.

१६ फेब्रुवारी १८६४. हेकेलचा तिसावा वाढदिवस. रेडिओलॅरियावरच्या ग्रंथासाठी त्याला जर्मन विज्ञान अकादमीचं मानाचं पदक मिळाल्याची बातमी त्या दिवशी आली. त्याच दिवशी, अल्पशा आजारानं, आना गेली. हेकेल दिवसचे दिवस अंथरुणाला खिळून होता. घरच्यांनी त्याला नीसला, भूमध्य समुद्राच्या काठी पाठवलं. तिथं उथळ पाण्यात त्याला एक जेलिफिश दिसला, ज्याचे तंतू त्याला आनाच्या सोनेरी केसांसारखे वाटले. त्यानं त्याला तिचं नाव दिलं. पुढं कित्येक वर्षांनी आणखी एका देखण्या जेलिफिशलाही त्यानं तिचंच नाव दिलं, तोवर त्याचं दुसरं लग्नही झालं होतं.

दुःखातून बाहेर पडायला त्यानं कामाचा आधार घेतला. रात्रंदिवस लिहून १८६६ साली दोन जाडजूड खंड काढले. सजीवांच्या रूपांचं सगळं शास्त्र डार्विनच्या पायावर पुन्हा मांडायचा तो खटाटोप होता. इकॉलॉजी, फायलम, जातिवृत्त, व्यक्तिवृत्त हे शब्द त्यातलेच. आनुवंशिक गुण पेशीच्या केंद्रकातून जात असावेत, हा अंदाजही त्यानं तिथं केला, गुणसूत्रं कुणी नीट पाहायच्याही आधी. दोनच वर्षांनी त्यानं आणखी एक शब्द वापरला, तो आज जाहिरातींपर्यंत पोचलाय : मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल. त्याच्या मनात तेव्हा सर्व जिवांची आद्य पूर्वज पेशी होती, गुडघेदुखीवरची इंजेक्शनं नव्हती.

१८६६च्या ऑक्टोबरात तो इंग्लंडला जाऊन खुद्द डार्विनला भेटला. पुढं जर्मनीत डार्विन लोकांपर्यंत पोचला तो मुख्यतः हेकेलच्या पुस्तकांतून.

मग आले स्पंज. हेकेलनं निवडले ते चुन्याच्या कंटिका असलेले, सिलिकेचे नव्हेत. १८७१ साली एड्रियाटिक समुद्रातल्या लेसिना बेटावर एका मठात राहून त्यानं ते गोळा केले आणि १८७२ साली तीन खंड काढले. स्पंजांच्या वाढीत त्याला एक टप्पा दिसला : दोन थरांची पोकळ वाटी, एका बाजूला तोंड. त्याला त्यानं ‘गॅस्ट्रुला’ म्हटलं. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी ‘गॅस्ट्रुलेशन’ची आकृती काढताना घाम गाळलेला प्रत्येक डॉक्टर हेकेलचं देणं लागतो. सगळ्या बहुपेशी प्राण्यांचा एकच वाटीसारखा पूर्वज असावा, असा निष्कर्ष त्यानं यातून काढला. तो तपशिलात टिकला नाही, पण त्या चर्चेनं भ्रूणशास्त्राला पुढची पन्नास वर्षं काम दिलं.

सिलिकेच्या कंटिकांचा अभ्यास त्याच्याही आधी एका डॉक्टरनं केला होता आणि तो चक्क आपल्या मुंबईत. हेन्री जॉन कार्टर हा ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतला सर्जन. १८४०च्या दशकात मुंबईच्या तलावांत पायऱ्यांना, काटक्यांना चिकटून वाढणारे गोड्या पाण्यातले स्पंज त्यानं भिंगाखाली घेतले. स्पंज वनस्पती की प्राणी, हा वाद तेव्हा मिटलेला नव्हता. कार्टरनं पाण्यात रंगाचे कण सोडून ते स्पंजाच्या पेशी गिळतात हे पाहिलं. उन्हाळ्यात तलाव आटला की स्पंज मरून जातो, पण काचेच्या कंटिकांचं चिलखत घातलेल्या त्याच्या बारीक गुठळ्या जिवंत राहतात आणि पावसाचं पाणी आलं की त्यातून नवा स्पंज उगवतो. मुंबईच्या त्याच्या शोधनिबंधांतल्या स्पंजांच्या काही जाती आजही मान्य आहेत. लंडनच्या रॉयल सोसायटीनं १८७२ साली, म्हणजे हेकेलचा स्पंजग्रंथ आला त्याच वर्षी, त्याला रॉयल मेडल दिलं. सरकारी नोकरीतल्या डॉक्टरनं ड्यूटी सांभाळून केलेलं हे काम आमच्या कुठल्याच कॉलेजात कुणी सांगत नाही.

हेकेलच्या आयुष्यातला सर्वांत वाईट अध्याय चित्रांनीच लिहिला गेला. गर्भ वाढताना आपल्या पूर्वजांच्या अवस्था क्रमानं पार करतो, असं त्याचं मत होतं. ते पटवण्यासाठी १८६८च्या लोकप्रिय पुस्तकात त्यानं कुत्रा, कोंबडी आणि कासव यांच्या गर्भांची तीन चित्रं शेजारी शेजारी छापली. तिन्ही हुबेहूब सारखी. सारखी असणारच, कारण छापताना एकच ठसा तीन वेळा वापरला होता. बाझेलचे प्राध्यापक र्‍यूटिमायर यांनी ते पकडलं. पुढच्या आवृत्तीत ते सुधारलं, पण १८७४च्या पुस्तकात मासा, सॅलॅमँडर, कासव, कोंबडी, डुक्कर, गाय, ससा आणि माणूस यांच्या गर्भांचा जो तक्ता त्यानं दिला, त्यातही सुरुवातीच्या अवस्था वाजवीपेक्षा सारख्या काढल्या होत्या. शरीररचनाशास्त्रज्ञ विल्हेल्म हिस यांनी त्यावर कडक टीका केली. तरीही तो तक्ता शंभर वर्षं पाठ्यपुस्तकांत राहिला. मी तोच पाहून शिकलो. १९९७ साली मायकेल रिचर्डसन आणि सहकाऱ्यांनी खऱ्या गर्भांची छायाचित्रं छापून फरक किती आहेत ते दाखवलं, तेव्हा मी नोकरीला लागून काही वर्षं झाली होती.

याची बाजू घेणारे म्हणतात की तो काळ आकृतींचा होता आणि गर्भांमध्ये साम्य आहे हे मूळ म्हणणं खरंच आहे. साम्य आहेच, उत्क्रांतीचा सिद्धान्त या तक्त्यावर उभा नाही, त्याला इतर हजार आधार आहेत. पण मला हा युक्तिवाद पुरेसा वाटत नाही. एक्स-रे बघताना जे दिसतं ते लिहायचं, जे असायला हवं ते नाही, हे आम्ही इंटर्नला पहिल्या आठवड्यात सांगतो. हेकेलचा हात फार चांगला होता आणि त्याला नियम इतका आवडायचा की हात नियमाच्या बाजूनं झुकायचा. त्याच्या रेडिओलॅरियाच्या चित्रांतही हे जाणवतं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली खरे सांगाडे त्याच्या चित्रांइतकेच थक्क करतात, फक्त एखादं भोक लहानमोठं असतं, एखादा काटा तिरका असतो. तिथं या झुकण्यानं फारसं बिघडलं नाही.

गुरू विर्चोंशी भांडण १८७७ साली म्युनिकच्या परिषदेत झालं. उत्क्रांती शाळांत शिकवावी, असा हेकेलचा आग्रह. जे सिद्ध झालेलं नाही ते मुलांना शिकवू नये, असं विर्चोंचं उत्तर. या वादात विर्चो चुकले असं इतिहास म्हणतो. पण हेकेलनं आपल्या अंदाजांना नेहमी सिद्धान्ताचा पोशाख घातला, ही त्यांची तक्रार काही खोटी नव्हती.

१८८१च्या ऑक्टोबरात हेकेल सिलोनला निघाला आणि वाटेत नोव्हेंबरमध्ये आठवडाभर मुंबईत उतरला. आयुष्यात प्रथमच उष्ण कटिबंधात पाऊल टाकत होता, वय सत्तेचाळीस. मलबार हिल, माहीमची ताडा-माडांची बनं, घारापुरीची लेणी, घाट चढून लोणावळा आणि कार्ले, असं सगळं त्यानं पाहिलं. त्याच्या प्रवासवर्णनात मुंबईवर एक सबंध प्रकरण आहे. लेण्यांपेक्षा झाडांवर त्याचा जीव जास्त जडला. पुढं सिलोनच्या दक्षिण किनाऱ्यावर वेलिगामच्या सरकारी विश्रामगृहात त्यानं प्रयोगशाळा मांडली आणि समुद्री जीव गोळा केले.

या सगळ्या काळात त्याच्या घरी येनामध्ये खोल समुद्राचा गाळ येऊन पडलेला होता. ब्रिटिश नौदलाचं ‘चॅलेंजर’ हे जहाज १८७२ ते १८७६ अशी साडेतीन वर्षं जगभरच्या महासागरांत फिरलं. मार्च १८७५मध्ये मारियाना बेटांजवळ त्यांची दोरी ४४७५ फॅदम, म्हणजे आठ किलोमीटरहून खोल गेली आणि तळाचा जो गाळ वर आला तो रेडिओलॅरियाच्या सांगाड्यांनी भरलेला होता. एवढ्या खोलीवर चुन्याची कवचं विरघळून जातात, काच टिकते. या मोहिमेतले काचस्पंज बर्लिनच्या शुल्ट्झ यांच्याकडं गेले, रेडिओलॅरिया हेकेलकडं. त्यानं त्यावर दहा वर्षं घालवली. १८८७ साली अहवाल आला : १४० चित्रपत्रं, चार हजारांहून अधिक जाती आणि त्यांतल्या साडेतीन हजार विज्ञानाला नव्या. एका माणसाच्या हातून एका प्राणिगटावर इतकं काम क्वचितच झालं असेल. त्यात चुकाही आहेत. एकाच जातीच्या लहान-मोठ्या नमुन्यांना त्यानं कधीकधी वेगवेगळी नावं दिली. अकँथेरिया या गटाच्या सांगाड्यात त्याला कसलासा सेंद्रिय पदार्थ वाटला होता. तो स्ट्राँशियम सल्फेट निघाला. आणि त्यानं रेडिओलॅरियात घातलेला फिओडेरिया नावाचा सबंध गट डीएनए तपासल्यावर भलत्याच कुळातला ठरला.

१८९९ ते १९०४ या काळात त्यानं ‘निसर्गातील कलारूपे’ या अर्थाच्या नावाचा शंभर चित्रपत्रांचा संच काढला. त्यात रेडिओलॅरिया आहेत, जेलिफिश आहेत, काचस्पंज आहेत. १९००च्या पॅरिस प्रदर्शनाचं भव्य प्रवेशद्वार वास्तुरचनाकार रने बिने यानं रेडिओलॅरियाच्या सांगाड्यावरून घडवलं. दिव्यांच्या झुंबरांपासून भिंतीच्या कागदापर्यंत ही नक्षी गेली. त्याच सुमारास आलेलं त्याचं विश्वरहस्यावरचं पुस्तक लाखांनी खपलं.

हा लोकप्रिय हेकेल वाचताना मात्र माझ्यातला डॉक्टर अस्वस्थ होतो. त्यानं माणसाच्या वेगवेगळ्या जाती कल्पून त्यांची उतरंड लावली आणि आपल्या लोकांना शिखरावर बसवलं. जन्मतः गंभीर व्यंग असलेल्या अर्भकांना मारावं, असं त्यानं छापून लिहिलं, प्राचीन स्पार्टाचं कौतुक करत. ज्या माणसानं वर्षभरात तीन रुग्ण पाहिले, त्याला हे लिहिताना हात थरथरला नाही. आमच्या नवजात कक्षात नऊशे ग्रॅमच्या बाळापाशी रात्रभर बसणाऱ्या सिस्टरला विचारलं असतं तर तिनं त्याला दोन शब्द सुनावले असते. त्याच्या अनुयायांची संघटना पुढं नाझींनीच १९३३ साली बंद पाडली, हेही खरं. त्याच्या लिखाणातला सोयीचा भाग त्यांच्यातल्या काहींनी उचलला, हेही खरं.

हेकेल ९ ऑगस्ट १९१९ रोजी येनामध्ये वारला. त्याच्या घराचं नाव ‘व्हिला मेडुसा’, जेलिफिशवरून ठेवलेलं. छतावर जेलिफिशच रंगवलेले आहेत. तिथं आता संग्रहालय आहे.

त्याचे काचेचे सांगाडे मात्र संग्रहालयापुरते राहिलेले नाहीत. गोव्यात दोना पावला इथं राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. मध्य हिंद महासागराच्या खोऱ्यातला, सुमारे पाच किलोमीटर खोलीवरचा गाळ तिथं येतो. तो आम्लात धुऊन, चाळून, काचपट्टीवर पसरून त्यातले रेडिओलॅरिया मोजतात. कोणत्या जाती किती यावरून थराचं वय ठरतं आणि त्या काळी समुद्र किती गार होता, पाऊस-वारे कसे होते याचा अंदाज करता येतो. मान्सूनचा जुना इतिहास असाच वाचतात. या जातींच्या याद्या शोधनिबंधात छापतात तेव्हा प्रथेप्रमाणं प्रत्येक नावापुढं ते प्रथम देणाऱ्याचं नाव आणि साल असतं. त्या स्तंभात ‘हेकेल, १८८७’ पुन्हा पुन्हा येतं.